पळसाच्या देठांचा माणूस

“दादा, मी हरी,” असं तो म्हणाला, आणि मी त्याला सांगितलं की हरी वारला. मीच त्याला अग्नी दिला आहे. तीन वर्षांपूर्वी, खाडीच्या काठी, विठ्ठलभटजींच्या देखत.

त्यावर तो मुकाट्याने पायरीवर बसला. बसा असं मी म्हटलं नव्हतं. दिवेलागणीची वेळ, मी ओसरीत कंदिलाची काच पुसत बसलेला, माझी भावजय उत्तरा कौपिनेश्वराच्या देवळात कीर्तनाला गेलेली, आणि अशा वेळी एक हाडं निघालेला, दाढी वाढलेला, खोकणारा माणूस पायरीवर बसून माझ्याकडे टक लावून पाहतो आहे. तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने काय समजावं? आणि मी शहाणा माणूस आहे. ठाण्याच्या कोर्टात साक्षीदारांना शपथ द्यायचं काम मी उभा जन्म केलं. ‘ईश्वरास स्मरून खरं सांगेन’ हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा एखाद्याने रामाचं नावही घेतलं नसेल. तेव्हा मी सांगतो आहे ते खरंच आहे, एवढं आधी ध्यानात घ्या.

“दादा, ओळखलं नाहीस?”

“ओळखायचं काय त्यात? मेलेल्या माणसाची ओळख कुणी पटवतं का?”

तो हसला. हसता हसता खोकला. मग त्याने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. तिला नख नव्हतं, टोक चपटं झालेलं होतं. “ही बघ. दारात चेंगरलीस. आईला मी काय सांगितलं आठवतं?”

हरीची करंगळी लहानपणी माझ्या हातून दारात चेंगरली होती, हे खरं. आईने विचारलं तेव्हा तो रडतही नव्हता. म्हणाला, वाऱ्याने दार आपटलं. मला मार बसू नये म्हणून. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. पण म्हणून काय झालं? करंगळ्या कुणाच्याही चेंगरतात. जगात दारं काय थोडी आहेत?

“पाणी देतोस थोडं?” तो म्हणाला.

मी उठलो नाही. दिवेलागणीला दारात आलेल्याला पाणी देऊ नये, तो पाण्याबरोबर आत येतो, असं आमची आजी सांगायची.

 मान वळवून त्याने दरवाजातून आत पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “उत्तरा?”

“वारली,” मी म्हटलं.

हे खोटं नव्हे. नीट विचार करा. नवरा गेला की बाई संसाराला मेलीच, असं आपल्यात धरतात की नाही? मग मी वेगळं काय बोललो? त्याने डोळे मिटून घेतले. आणि ते पुन्हा उघडले ना, तेव्हा मला धडकीच भरली. त्या डोळ्यांत काही नव्हतंच. नुसत्या दोन कवड्या. मी अग्नी दिला त्याचे डोळेही कवड्यांचेच होते.  भूत म्हणतात ते हेच, याची मला तिथेच खात्री पटली.

तो उठला आणि भिंत धरत धरत गल्लीतून तलावाच्या बाजूला गेला.

आता कवड्यांचं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल.

हरी माझा धाकटा भाऊ. गुणी होता, पण बूड स्थिर नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिसरी नोकरी सोडून घरी आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, “बायकोला पोसायची अक्कल येईल तेव्हा तोंड दाखव.” थोरल्या भावाने एवढंही बोलू नये का? त्याने पायांत वहाणा सरकवल्या आणि गेला तो गेलाच. तेव्हा महायुद्धसुद्धा सुरू व्हायचं होतं. आईने अंथरूण धरलं आणि दोन पावसाळ्यांत तीही गेली. उत्तराला माहेरी कुणी नव्हतं. ती राहिली.

लोकांच्या जिभेला हाड नसतं, म्हणून सांगून ठेवतो. मी तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. ईश्वरास स्मरून सांगतो. शेजारच्या रंगूबाई रोज आमच्याकडे येऊन-जाऊन असत, त्यांना विचारा. माझं लग्न राहून गेलं त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मुली सांगून आल्या होत्या. एकीची पत्रिका जुळली नाही, दुसरीचं नाक मला पसंत पडलं नाही, तिसरीचं काय झालं ते आता आठवत नाही. आणि घरात उत्तरा असताना मला कमी तरी काय होतं? पिठलं करावं तर तिनेच. कोर्टातून येऊन टोपी खुंटीला अडकवतो न अडकवतो तोच चहा समोर. मी कधी मागितला नाही आणि तिने कधी विचारलं नाही.

एकच गोष्ट मला खपत नसे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की ती दारात येऊन उभी राहायची. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातांत हिरव्या बांगड्या, आणि नजर गल्लीच्या तोंडाशी. माझ्याशी बोलतानासुद्धा तिचं अर्धं लक्ष बाहेरच्या पावलांकडे. मी समोर बसलो आहे, तिच्या दुखण्याखुपण्याला वैद्य मी आणतो आहे, दिवाळीला लुगडं मी आणतो आहे, आणि बाईसाहेब दाराशी! संताप येणार नाही का माणसाला?

शास्त्र असं की परागंदा झालेल्याची एक तप वाट पाहावी. मग तो गेला असं धरून पालाशविधी करावा. म्हणजे पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. बारा वर्षं भरली तसा मी विठ्ठलभटजींकडे गेलो.

ते म्हणाले, “घाई काय आहे गुरुदत्त? बाई वाट बघते आहे ना?”

“शास्त्र म्हणजे शास्त्र,” मी म्हटलं.

उत्तरालाही विचारलं. विचारलं नाही असं नाही. ती म्हणाली, “आणखी एक वर्ष थांबू या का, भावोजी?” मी म्हटलं, थांबून काय होणार? त्यावर ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे कबूल, असं कोर्टात धरत नाहीत, पण घरात तसंच धरतात.

खाडीवर वारा फार होता. देठ भराभर पेटले. नारळ फटकन फुटला तेव्हा मला वाटलं, चला, सुटला बिचारा. घरी रंगूबाईंनी उत्तराच्या बांगड्या वाढवल्या. वाढवल्या म्हणायचं, फोडल्या म्हणायचं नाही. कुंकू पुसलं. त्या संध्याकाळी दिवा लागला आणि ती दारात आली नाही. माजघरात बसून राहिली. पुढेही कधी आली नाही. घर कसं शांत झालं. माझी तीन वर्षं सुखाची गेली, हे मी लपवत नाही.

आणि आता हे दारात येऊन बसलेलं!

तो तलावाकडे गेला आणि थोड्याच वेळात उत्तरा कीर्तनाहून आली तीच रंगूबाईंना घेऊन. रंगूबाई तोंडाळ बाई. ओट्यावर पाय ठेवते तोच म्हणाली, “काय हो अण्णा, आत्ता तुमच्या दारातून गेला तो कोण? मी तळ्याच्या कोपऱ्यावर पाह्यला. थेट हरिभाऊ! चालणं तेच मेलं. माझ्या तर काळजात धस्स झालं.”

उत्तराने हातातलं तबक ओट्यावर ठेवलं आणि वळून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.  मला काहीतरी सांगणं भागच होतं. आणि जे मला वाटलं तेच मी सांगितलं.

“हरीचा आत्मा होता. विधीत काही राहून गेलं असेल. भटकतो आहे.”

“अगो बाई!” रंगूबाई पदर तोंडाशी धरून पळालीच.

उत्तरा उभी होती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “काही मागितलं का त्यांनी?”

“पाणी मागत होता.”

“दिलंत?”

“भुताला पाणी कोण देतं?”

“म्हणजे तहानलेलेच गेले,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. मला चहाचं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी भटजींकडे गेलो. उगाच, शंका म्हणून. म्हटलं, “कोर्टात एक प्रकरण आलं आहे. पालाशविधी झाला आणि माणूस जिवंत परत आला, तर काय करतात?”

भटजी सुपारी कातरत होते. हसायलाच लागले. “अहो, शास्त्राने त्याचीही सोय केली आहे. त्याला तुपात बुडवून काढायचा, म्हणजे तो नव्याने जन्मला. मग त्याचं जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून करायचं. आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं! बाईचं कुंकू परत. आहे काय नि नाही काय.” मग अडकित्ता थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “गुरुदत्त, हरिहर आला की काय रे?”

“छे! काहीतरीच काय!”

“आला असेल तर सांग हो. तूप मी माझ्या घरचं घालीन.”

वाटेत मला संताप आवरेना. लग्न म्हणे! वडिलांच्या मागे त्यांचं लग्न मीच लावलं, मीच माझ्या हातांनी अक्षता टाकल्या. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मान वर करून फक्त हरीकडे पाहत होती. आणि आता पुन्हा त्याच दोघांवर मी अक्षता टाकायच्या? एका जन्मात माणसाने किती वेळा अक्षता टाकाव्यात, याला काही सुमार आहे की नाही?

घरी आलो तर उत्तरा केळीच्या पानावर दहीभात कालवत होती. बाजूला लिंबाचं लोणचं.

“हे कुणाला?”

“तलावाकाठच्या पिंपळाखाली ठेवते. आत्मा भटकतो आहे म्हणालात ना तुम्ही? भटकणाऱ्याला दहीभात ठेवतात.”

यावर मी काय बोलणार? मीच बोललो होतो. तिन्हीसांजेला भात ठेवायचा आणि मागे वळून न पाहता घरी यायचं, ही रीत आहे. गेली, ठेवून आली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच. रोज संध्याकाळी तिचा पाय घरात ठरेना. आणि पानावरचे जिन्नस वाढत चालले. भाताबरोबर वांग्याची भाजी आली. मेतकूट आलं. हरीला मेतकूट आवडायचं. एक दिवस तांब्यात काहीतरी गरम होतं, त्याला वास अडुळशाचा.

“भुताला काढा?” मी म्हटलं.

“खोकतात,” ती म्हणाली. एवढंच.

एकदा आईची जुनी दुलई घेऊन निघाली. मी म्हटलं, “अगं, मेलेल्याला थंडी वाजत नाही!” तिने वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मग दुलई काखोटीला मारून गेली.

आमच्या कोर्टात सहदेव नावाचा पट्टेवाला होता, खाडीकाठच्या गावातला. पक्षकारांचा पुकारा करायचा. तो एक दिवस दुपारच्या सुटीत माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळला.

“भाऊसाहेब, एक बोलू का? तुमची वैनी पिंपलाखाली भात ठेवतान ना, तो खायाला येक मानूस येतो. मारुतीचे ओवरीत ऱ्हातो.”

“ते भूत आहे.”

“भूत?” सहदेव हसला. “भूत कंदी बिडी मागतं का? माजेकडशी मागून वढली त्याने. लय खोकतो. छाती गेलीय त्याची. मी बोल्लो, डाक्तरला दावू, तर नको बोल्ला.” मग तो खाली वाकून म्हणाला, “तो बोलतो, दादांनी येक डाव नावानं हाक मारली ना, का मी घरा येन. नायतर नाय.”

“कुणाचा दादा?” मी म्हटलं. “जा, साहेब बसायची वेळ झाली.”

त्या दुपारी एका साक्षीदाराला शपथ देताना माझी जीभ अडखळली. ‘खरं सांगेन’ म्हणायचं, तिथे खोकल्याचा आवाज आला. कोण खोकलं म्हणून पाहिलं, तर कुणीच नाही. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आता मला सांगा, जिवंत माणसाचा खोकला तलावावरून कोर्टापर्यंत ऐकू येतो का? नाही ना? मग तो मेलेलाच असला पाहिजे. मी म्हणत होतो ते बरोबरच होतं.

शेवटी एका संध्याकाळी मी तिच्या मागोमाग गेलो. पाळत म्हणून नव्हे. अंधारात बाईमाणूस एकटी जाते, म्हणून. मारुतीच्या देवळाच्या भिंतीआड उभा राहिलो. तिने पिंपळाच्या पारावर पान ठेवलं आणि वळली. पण निघाली नाही. पाराकडे पाठ करून, तलावाच्या पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. रीत पाळली तिने, मागे वळून पाहिलं नाही. ओवरीतून तो उठला. दुलई पांघरलेली होती. पारावर बसून जेवू लागला.

“मीठ कमी झालं का आज?” ती म्हणाली. पाण्याला विचारल्यासारखं.

“नाही. बरोबर आहे,” तो म्हणाला.

“वांगं थोडं निबर होतं.”

“चांगलं झालंय, उत्तरा.”

 तो जेवत होता आणि ती पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. तो म्हणाला, “दादा म्हणाला, तू गेलीस. पहिल्या दिवशी तू भात ठेवायला आलीस ना, मला वाटलं हेच तुझं भूत.” ती रडता रडता हसली. तिचं हसणं मी विसरूनच गेलो होतो. माझ्या घरात ती कधी हसली होती का, हे मी भिंतीला टेकून आठवत राहिलो.

“घरी चला ना,” ती म्हणाली.

“त्याचं घर आहे ते. त्याने बोलावलं तर येईन. तू चोरून नेऊ नकोस मला. तुला लोक नावं ठेवतील, आणि तो...” त्याला खोकल्याची उबळ आली. “त्याने हाक मारू दे. मारील तो. लहानपणी रुसलो की दुसऱ्या दिवशी तोच हाक मारायचा.”

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. आता तुम्ही म्हणाल, मग तुझी खात्री पटली असेल. अहो, भुतं बोलतात हे पुराणांत पानोपानी आहे. आणि दुसऱ्या दिवशी हाक मारायचो हे खरं असलं, तरी तेव्हा तो जिवंत होता.

त्याच रात्री जेवताना तिने विचारलं, “भावोजी, भुताला घरात घेता येतं का?”

मी भात कालवत राहिलो.

“भटजी म्हणाले, येतं. मी विचारून आले. तूप ते देणार आहेत. थोरल्या भावाने फक्त ओळख सांगायची. अग्नी तुम्ही दिलात, म्हणून तुम्हीच सांगायची.” तिने माझ्या ताटाशेजारी हात जोडले. “एवढं करा. मी काही मागितलं का कधी? कुंकू नका देऊ हवं तर. लग्न नको, काही नको. त्यांना नुसतं ओसरीत झोपू दे. थंडी फार आहे हो.”

 मला म्हणायचं होतं... काय म्हणायचं होतं ते जाऊ दे. मला एवढंच दिसत होतं की तो आत आला की ही पुन्हा दारात उभी राहील. नाही, दारात तरी कशाला, तो घरातच असणार. आणि मग मी कुठे बघू?

“ज्याला मी जाळला, त्याला ओळखत नाही,” मी म्हटलं आणि शेवटच्या घोटाची आपोष्णी घेऊन ताटावरून उठलो.

ती उष्टं काढायला उशीरपर्यंत आली नाही.

पौष सरत आला तेव्हा एका सकाळी सहदेव दारात आला. डोक्याचं मुंडासं त्याने काढून हातात धरलं होतं.

“भाऊसाहेब, गेला तो. पहाटचा. ओवरीतच.” मग त्याने आत पाहिलं. “आता पोलिस कचेरीची गारी येल. बेवारशी म्हनून नेतान. कुनी ओलख दिली तर मंग नाय नेनार.”

“मग मला काय सांगतोस?” मी म्हटलं. “मी कोण त्याचा?”

माजघरात काही आवाज झाला नाही. मी तिकडे कान लावून होतो. रडणं नाही, काही नाही. थोड्या वेळाने मागच्या दाराने रंगूबाई आली आणि गेली. आणि मग उत्तरा बाहेर आली.

तिच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, पूर्वीसारखं. हातांत हिरव्या बांगड्या, रंगूबाईच्या असाव्यात, जरा सैल होत्या. सवाष्ण असतानाच्या लुगड्यांपैकी एक हिरवं लुगडं ती नेसली होती. घड्यांवर विटलेलं. इतकी वर्षं ते ट्रंकेत जपून ठेवलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मला दिसलं ते एवढंच की ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली आहे. 

“उत्तरा, हे काय? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. मी माझ्या नवऱ्याला आणायला चाललेय.”

“अगं, एकदा दहन झालेल्याला पुन्हा अग्नी देत नाहीत!” मी दारात आडवा झालो.

“तुम्ही जाळलेत ते पळसाचे देठ होते, भावोजी.” तिचा आवाज चढला नाही. “माणूस मी सांभाळला. बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो. ती त्या वेषात सगळ्या आळीतून चालत गेली. ओट्याओट्यावर माणसं उभी राहिली होती.  सहदेव पुढे आणि ती मागे. रंगूबाई पदराने डोळे पुसत पाठोपाठ निघाली. पोलिसाने ‘कोण हा?’ असं विचारलं तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, असं सहदेव मागाहून म्हणाला. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्याने. कोर्टातल्या पुकाऱ्यासारखं. अग्नी तिनेच दिला. भटजी आले होते, त्यांनी हरकत घेतली नाही.

मी गेलो नाही. जाण्याचं कारणच नव्हतं.

दुपार कलल्यावर ती आली. केस ओले, कपाळ मोकळं, हात मोकळे. घरात पाऊल न टाकता ओसरीच्या कडेला बसली.

“आत ये,” मी म्हटलं. “काहीतरी पोटात घाल.”

“मला सुतक आहे दहा दिवस. तुम्हाला नाही. तुमच्या घरात शिवाशिव होईल.”

एवढं बोलून तिने भिंतीला पाठ टेकली. ज्याचा भाऊ गेला त्यालाही सुतक असतं, तो तिच्याजवळ बसू शकतो, तिच्या हातचं घेऊ शकतो. ज्याचं कुणी गेलं नाही त्याने लांब राहायचं. तिने मला काही विचारलंच नव्हतं. फक्त कुठे बसायचं ते माझ्यावर सोडलं होतं. मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

तिचं जेवण रंगूबाई आणून देई. रात्री ती रंगूबाईच्या पडवीत निजायची आणि सकाळी पुन्हा ओसरीत येऊन बसायची. मी माझ्या हाताने भात टाकायचो. करपायचा. दाराच्या आत मी, दाराच्या बाहेर ती, आणि मध्ये नुसती चौकट.

त्या दिवसांत मी देवपूजा केली नाही हे खरं आहे. पण त्याचं कारण वेगळं. माझे गुडघे धरले होते, देवापुढे बसवत नव्हतं. कोर्टातून रजा घेतली तीही त्यासाठीच. गादी वाळत घातली होती ती आत आणायची राहून गेली, म्हणून जमिनीवर घोंगडी टाकून निजलो. फोडणी टाकायला मोहरी सापडत नव्हती, त्यामुळे जेवण आळणीच असायचं. एका रात्री घोंगडीवर पडल्या पडल्या मी मोठ्याने ‘हरी’ म्हणालो. तीनदा म्हणालो. देवाचं नाव म्हणूनही माणसं हरी म्हणतात.

दहाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. ती ओसरीत तिचं बोचकं बांधत होती. मुरबाडकडे भटजींच्या बहिणीचं घर होतं, त्या एकट्या म्हाताऱ्या बाईला सोबत हवी होती. रंगूबाईने मला सांगितलं होतं. मी चौकटीपाशी उभा राहिलो. राहा, असं म्हणायला तोंड उघडलं, पण मी कोणत्या नात्याने म्हणणार होतो?

तिने वर पाहिलं आणि तिची नजर माझ्या तोंडावर थांबली. दहा दिवसांची दाढी, पांढरी, खुंटासारखी. मी उभ्या जन्मात दोन दिवसांची दाढी ठेवलेली नाही.

“दाढी?” ती म्हणाली.

“न्हावी गावाला गेला आहे,” मी म्हटलं. “आलाच नाही इतक्या दिवसांत. काय करणार?”

तेवढ्यात आमचा न्हावी काखेत हत्यारांची धोकटी मारून गल्लीतून आला. आमच्या दारासमोर थांबून त्याने हात जोडले आणि “रामराम, अण्णा” म्हणाला.

मी हात उचलला नाही. सुतकात नमस्कार करत नाहीत.